तांबेबाईंची पहिली पंगत

‘राबणाऱ्या हातांना प्रथम घास देण्याची थोर परंपरा या वास्तूत संस्थापकांच्या काळापासून अखंड चालत आलेली आहे.’

दादरच्या आमच्या मंगल कार्यालयात, जेवणघराबाहेरच्या बेसिनच्या वर, हे वाक्य संगमरवरात कोरलेलं आहे. अक्षरं सोनेरी आहेत. हात धुता धुता लोक ते वाचतात, आणि काहीजण डोळे पुसतात. अर्थात हात ओले असतात, त्यामुळे नक्की काय पुसतात ते सांगता येत नाही.

संस्थापकांच्या काळातली परंपरा मला ऐकून ठाऊक आहे. राबणारे हात सगळ्या पंगती उठल्यावर, मागच्या मोरीशेजारी, उभ्याने, पातेल्यात उरलं असेल ते खात. ही परंपरा मात्र खरोखरच अखंड चालत आली होती. ती तोडली तांबेबाईंनी. त्यांचं नाव पाटीवर नाही. जागा कमी पडली म्हणावं, तर सगळे विश्वस्त तीत ऐसपैस बसले आहेत.

मी इथे बुकिंगच्या टेबलावर बसतो. त्याआधी जन्मभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातले लोक शिवाजी पार्काला फेऱ्या मारतात. मला चालायचा कंटाळा, म्हणून मी नोकरी धरली. टेबलाच्या खणात पुस्तक ठेवायचं, समोर मुलीचे वडील आले की खण लावायचा. तांबेबाई मला ‘ग्रंथपाल’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

बाई मॅनेजर म्हणून आल्या त्या एका गैरसमजामुळे. मुलाखतीला मी टिपणं घ्यायला बसलो होतो. त्यांनी आधी परळच्या एका इस्पितळात रुग्णांच्या स्वयंपाकघरावर देखरेख केली होती, पण विश्वस्तांना त्यात रस नव्हता. अध्यक्ष आप्पासाहेबांनी विचारलं, “तांबे म्हणजे कुठले?”

“रत्नागिरीकडचे.”

आप्पासाहेबांनी समाधानाने मान डोलावली. बाकीच्या माना त्यांच्या मागोमाग डोलल्या. पुढे काही विचारायची गरज कोणाला वाटली नाही. नेमणूक झाली, आणि एप्रिल उजाडला तशी बाईंनी जयंतीची रजा टाकली. “आमच्या नायगावच्या बीडीडीत मिरवणूक असते. मी लेझीमला असते,” त्या सहज म्हणाल्या. त्या दिवशी विश्वस्तांच्या खोलीत बराच वेळ दार लावून चर्चा चालली होती. शेवटी काढायचं कारण सापडलं नाही, की सापडलं ते तोंडाने बोलता येईना, कोण जाणे. बाई राहिल्या.

बाई ठेंगण्या होत्या, चालणं झपाझप. लग्नघरात वावरायचं, पण अंगावर कधी रेशीम नाही. सुती साडी आणि पदराच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनांची माळ. एकूण एक नवरीची आई कधी ना कधी त्या माळेपाशी येऊन थांबे. आवाज मात्र लहान करता येत नसे. गाडीतून उतरणारा असो की गाडी पुसणारा, दोघांशी एकाच पट्टीत बोलत. आणि बोलण्यात एक प्रश्न ठरलेला. कोणी काहीही ठरवून आलं की त्या विचारत, “हे ठरवताना कोणाला विचारलंत?”

विश्वस्तांनी झाडूवाल्यांच्या पाळ्या बदलल्या: “कोणाला विचारलंत?” दारात अत्तर-गुलाब घेऊन नऊवारीत उभं राहायला मुलीच हव्यात असा हट्ट मुलाकडच्यांनी धरला: “मुलींना विचारलंत?” मुलींना विचारलं तेव्हा दोघी हो म्हणाल्या, बाकीच्या नाही म्हणाल्या. मग अत्तरदाणी घेऊन सजावटवाला फेटा बांधून उभा राहिला आणि सगळ्यांत जास्त फोटो त्याचे निघाले. एकदा तर गुरुजींना म्हणाल्या, “बारा वाजून एकेचाळीसचा मुहूर्त काढलात, स्वयंपाकघराला विचारलंत?”

गुरुजी म्हणाले, “बाई, ते ग्रह ठरवतात.”

“मग ग्रहांना सांगा, पुऱ्या थांबत नाहीत.”

पंगतीची गोष्ट सुरू झाली ती मनीषापासून. मनीषा शिवडीची. कॉलेज सांभाळून लग्नाच्या दिवसांत वाढपी म्हणून यायची. तिचा पहिलाच मोसम. भर पंगतीत, हातात श्रीखंडाचं भांडं, आणि पोरगी उभी कोसळली. हजर असलेले एक विश्वस्त धावत आले आणि म्हणाले, “अरे, गालिचा!” बाईंनी तिला पाणी पाजलं, मांडीवर डोकं घेतलं आणि विचारलं, “शेवटचं कधी खाल्लंस?”

“काल, बाई.”

ती पहाटेपासून कामाला होती. उपाशी पोटी शेकडो ताटांत श्रीखंड वाढत होती. बाईंनी मान वर करून विश्वस्तांना विचारलं, “जेवणाचा हा क्रम ठरवताना कोणाला विचारलं होतं?”

“क्रम ठरवायचा नसतो, तांबेबाई,” विश्वस्त गालिच्याकडे बघत म्हणाले. “तो असतोच.”

पुढच्याच लग्नापासून तो नव्हता. पाहुण्यांच्या आधी, साडेदहाला, जेवणघरात कामगारांची पंगत बसू लागली. वाढपी, भांडी घासणाऱ्या, झाडूवाले, फुलवाले, दाराशी गाड्या लावणारा, सगळे. त्याच टेबलांवर, त्याच ताटांत, तेच जेवण. वाढायला स्वतः बाई वरणाची बादली घेऊन, आणि भाताला मी. ग्रंथालयात मी पस्तीस वर्षं लोकांना हवं ते काढून दिलं होतं, पण “अजून थोडं घ्या” म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

विरोध पहिल्यांदा झाला तो स्वयंपाकघरातून. आमचे आचारी भाऊ. कोकणातले, सोवळ्याचे, हाताला चव अशी की लोक नवरा-नवरीची नावं विसरत, भाऊंच्या मसालेभाताची आठवण काढत. भाऊ म्हणाले, “मॅनेजरबाई, नैवेद्याआधी उष्टं होणार नाही.”

“नैवेद्य आधी काढा. देवाला किती वेळ लागतो?”

भाऊंनी नैवेद्य काढला. देवाला फार वेळ लागला नाही. मग भाऊंनी दुसरी वाट धरली. सगळे बसत, भाऊ बसत नसत. “माझा उपास आहे,” म्हणत. मंगळवारी उपास, बुधवारी उपास, गुरुवारीही उपास. आठवडाभर उपास करून इतका तुकतुकीत राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. उपास कसला ते सगळ्यांना कळत होतं. बादली कोणाच्या हातात आहे, त्याचा तो उपास होता. बाई रोज विचारत, “भाऊ, बसताय?” भाऊ रोज म्हणत, “उपास.” बाई पुढच्या पानाकडे जात. आवाजात ना राग, ना समजावणं. मला वाटायचं, हिने एकदा तरी सुनवावं. एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, “ग्रंथपाल, जेवायला बोलवणं माझं काम. भूक त्याची आहे.”

दुसरा विरोध यजमानांचा. बुकिंगच्या वेळी ही अट सांगायचं काम माझ्याकडे होतं. काहीजण भडकत. “आमच्या लग्नात आमच्या आधी नोकर जेवणार?” पण गंमत अशी की बरेचजण आवाज खाली करून विचारत, “कशाची शांत वगैरे असते का ही?” मी काहीच बोलत नसे. आपल्याकडे गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला लोक शास्त्र समजतात. ते नमस्कार करून सही करत.

बाईंचा धसका सगळ्या दादरने घेतला तो मात्र वरणभातामुळे. एका लग्नात मुलाचे काका रंगात आले होते. मनीषा पोळी वाढायला वाकली आणि त्यांनी तिच्या कमरेला हात लावला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा ती सरळ बाईंकडे गेली. बाईंनी चौकशी समिती नेमली नाही. जेवणघराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वाढप थांबवा.”

थांबलं. नुकता भात पडलेला, वरण यायचं होतं. दोनशे माणसं कोरड्या भाताकडे बघत बसली. मुलाचे वडील धावत आले. “काय झालं? काय झालं?”

“तुमच्या भावाने माझ्या मुलीला हात लावलाय. तो तिची माफी मागेल, मग वरण येईल.”

“अहो, आपण नंतर बसून बोलू ना.”

“बसूनच आहेत सगळे.”

काका म्हणाले, गैरसमज झाला. काका म्हणाले, मी कोण आहे ठाऊक आहे का. काका म्हणाले, पोलिसांना बोलावतो. बाई म्हणाल्या, “बोलवा, नायगावचे अर्धे मला ताई म्हणतात.” एवढ्यात शेजारच्या पानावरची एक आजी ओरडली, “अरे मेल्या, माग की माफी! भात निवतोय!” मग दुसरीकडून कोणीतरी बोललं, मग तिसरीकडून. गरम भात आणि वरण यांच्यामध्ये उभा राहिलेला माणूस, कितीही मोठा असला तरी, फार वेळ टिकत नाही. काकांनी माफी मागितली. बाईंनी मनीषाला विचारलं, “चालेल?” मनीषा म्हणाली, “मोठ्याने.” काकांनी मोठ्याने मागितली. वरण आलं. भाऊंनी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहिलं होतं. ते एवढंच पुटपुटले, “वरणाला इतका मान मी चाळीस वर्षांत बघितला नाही.”

आमच्याकडे लग्नं नसतात त्या दिवसांत सभागृह परिसंवादांना देतात. एकदा एका संस्थेने ‘स्त्रीवादी नेतृत्वाची तत्त्वे’ या विषयावर दिवसभराचा कार्यक्रम घेतला. भलामोठा फलक, गळ्यात ओळखपत्रं, भिंतीवर चित्रफिती. मी मागे बसून ऐकत होतो. सत्ता लपवू नका, ती उघड दिसू द्या. सत्ता वाटून घ्या. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयात घ्या. सगळं रास्त होतं, आणि सगळं अशा भाषेत होतं की त्यावर टाळ्या वाजवणं सोपं पडावं. बाई दाराला टेकून ऐकत होत्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा त्यांनी तिथूनच विचारलं, “तुमचं पटलं मला. पण चहा देणाऱ्या पोरी बाहेर उभ्या आहेत सकाळपासून. त्यांना आत बसवायचं कोणी ठरवलं नाही का?”

व्यासपीठावर थोडी गडबड झाली. मग खुर्च्या आल्या, पोरी आत बसल्या. बोलणाऱ्या तरुण बाईने प्रामाणिकपणे चूक मान्य केली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. संध्याकाळी सगळे गेल्यावर तांबेबाई रिकाम्या स्टेजकडे बघत उभ्या होत्या. स्टेजवर नवरा-नवरीची दोन सिंहासनं होती, लाल मखमलीची, हाताच्या जागी सिंह. मला म्हणाल्या, “ग्रंथपाल, सत्ता दिसली पाहिजे म्हणाली ना ती? ही बघा. आपल्याकडे दोन आहेत. आणि दर सोमवारी रिकाम्या असतात.”

तेव्हापासून सोमवारची बैठक स्टेजवर भरू लागली. नियम एकच: जो बोलेल तो सिंहासनावर, बाकीचे खाली सतरंजीवर. बाईसुद्धा सतरंजीवर. त्या सगळ्यांत शेवटी बोलत. “मी आधी बोलले की तुम्ही सगळे माझंच बोलणार,” म्हणत.

पहिल्या सोमवारी कोणी वर जाईना. इंदूबाईंना, म्हणजे आमच्या भांडी घासणाऱ्यांतल्या सर्वांत जुन्या बाईंना, चौघींनी ढकललं तेव्हा त्या सिंहासनाच्या कडेला टेकल्या, अगदी एसटीत परक्या माणसाशेजारी बसावं तशा. म्हणाल्या, “मोरीचा नळ उंच करा. कंबर गेली.” आणि धावत खाली आल्या. नळ बुधवारी उंच झाला. पुढच्या सोमवारी इंदूबाई पूर्ण मागे टेकून बसल्या. बायकांना साडी बदलायला कडीची खोली मिळाली ती त्यांच्यामुळे. महिनाभराने तर त्या बोलून झाल्यावरही उठेनात. “जरा थांब गं, पाठीला बरं वाटतंय.”

बैठकीत प्रत्येकाने आपली आठवड्यातली चूक सांगायची असंही बाईंनी सुरू केलं. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. त्यांनी एकाच दिवशी दोन सनईवाले बोलावले होते. बायका भराभर चुका सांगत. पुरुषांकडून कित्येक आठवडे एकही चूक झाली नाही. भाऊ तर म्हणाले, “माझ्याकडून चूक होत नाही, माल खराब येतो.” बाई म्हणाल्या, “बरं. मग मालाला बोलवा पुढच्या सोमवारी.”

हे सगळं असं दोन मोसम चाललं, आणि आप्पासाहेबांच्या नातीचं लग्न ठरलं.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळीकडे पहिल्या रांगेत बसायची सवय होती, आणि सवय अशी की रांग नसेल तिथेही ते पहिले बसत. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. मी त्यांच्या खोलीतच होतो. “तांबेबाई, तुमचा उपक्रम स्तुत्य आहे. पण आमचे व्याही मोठे कारखानदार. त्यांची माणसं येणार. त्या दिवसापुरती ती पंगत नको. एक दिवस.”

“कामगारांना विचारलंत?”

“मी तुम्हाला सांगतोय.”

“पंगत माझी नाही, त्यांची आहे. सोमवारी बैठकीला या.”

आप्पासाहेब हसले. “आणि नाही आलो तर? तुमची मुदत या वर्षी संपते आहे, हे लक्षात आहे ना?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “बैठक अकराला असते.”

ते आले. सिंहासनावर बसले, आणि प्रथमच त्या सिंहासनावर कोणीतरी शोभून दिसलं. बराच वेळ बोलले. कुटुंब, जिव्हाळा, संस्था म्हणजे घर. मग इंदूबाई वर गेल्या. म्हणाल्या, “आप्पासाहेब, पोरीला आम्ही लहानपणापास्नं बघितलंय. तिच्या लग्नात एक दिवस नाही जेवलो तर मरणार नाही.” आणि खाली आल्या. बाकीचे बहुतेकजणही तेच म्हणाले. खरं तर ते घाबरले होते, बाईंच्या मुदतीची बातमी स्वयंपाकघरापर्यंत गेली होती, आणि आपण वाकलो तर बाई राहतील असा त्यांचा हिशोब होता. शेवटी बाई बोलल्या. “माझं मत नाही असं आहे. एक दिवस म्हणजे कायमचं. ज्या दिवशी मोठा माणूस येतो त्याच दिवशी नियमाची परीक्षा असते, बाकीच्या दिवशी तो नुसता असतो. पण माझं मत एकच.”

हात वर झाले. बाई हरल्या. त्यांच्या बाजूने मनीषा होती, दोन झाडूवाले होते, मी होतो, आणि, सगळे वळून बघू लागले, भाऊ होते.

भाऊंच्या या मतपरिवर्तनाचं कारण उदात्त असावं असं मला फार वाटत होतं. कारण असं होतं की आप्पासाहेबांनी लग्नात बाहेरच्या माणसाकडून गरमागरम पास्त्याचा काउंटर लावायचं ठरवलं होतं. भाऊंना न विचारता.

“ठरलं,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी पंगत नाही.” भाऊ चिडले. “तुम्ही मॅनेजर ना? मग करा की हुकूम!” बाई म्हणाल्या, “पटलं तेवढंच ऐकायचं असेल, तर विचारायचं कशाला?”

लग्नाच्या दिवशी झुंबरं पुसलेली, दारात हत्तीएवढी रांगोळी, पास्तावाला उंच पांढरी टोपी घालून सज्ज. भाऊ त्याच्याकडे पाठ करून मसालेभात परतत होते. साडेदहा झाले. मी सहज जेवणघरात डोकावलो आणि जागच्या जागी थांबलो.

पंगत बसली होती.

कोणी बोलावलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. दोन मोसमांची सवय. साडेदहा वाजले की पाय इकडे वळत. इंदूबाई, मनीषा, फुलवाले, सगळे आपापल्या जागी ताटं समोर घेऊन बसले होते आणि एकमेकांकडे बघत होते, कारण आपण काय करून बसलो आहोत ते त्यांना बसल्यावर आठवलं होतं. उठायला मात्र कोणी तयार नव्हतं. बाई दारात आल्या.

“अहो, तुम्हीच ठरवलंत ना?”

“ठरवलं होतं,” इंदूबाई म्हणाल्या.

“मग?”

“मग काय? भूक लागली.”

बाईंना हसू आवरेना, पण नियम सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. “असं नाही चालणार. ठरलेलं मोडायचं तर परत हात वर करा.” एक हात ताटावर ठेवून सगळ्यांनी दुसरा वर केला. इतकी एकमुखी बैठक त्या वास्तूत झाली नव्हती. बाई बादली आणायला वळल्या, तोच स्वयंपाकघरातून भाऊ बाहेर आले. पंच्याला हात पुसले, टोकाच्या खुर्चीवर बसले, समोर ताट ओढलं आणि छताकडे बघत म्हणाले, “वाढा.”

“उपास?” बाईंनी विचारलं.

“सुटला.”

बाईंनी त्यांच्या पानात वरण वाढलं. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होतो. काही गोष्टी होताना बघणारा माणूस नको असतो.

पहिला घास तोंडात, आणि दारात आप्पासाहेब. सोबत रेशमी फेट्यातले व्याही; जेवणघर दाखवायला आणले होते. मनीषा अर्धवट उठली. इंदूबाईंनी तिचा हात ओढला, “बस गं. अन्नावरून उठू नये.”

व्याह्यांनी विचारलं, “हे कोण? आपले पाहुणे?”

आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर त्या एका क्षणात काय काय येऊन गेलं ते मी टेबलाएवढ्या अंतरावरून पाहिलं. ‘माझ्या घरच्या कार्यात माझे नोकर माझं ऐकत नाहीत’ असं व्याह्यांना सांगणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी छाती पुढे काढली. “हे आमचे कामगार. आमच्याकडे आधी राबणाऱ्यांची पंगत. संस्थापकांपासूनची पद्धत आहे.”

“वा!” व्याही म्हणाले. “वा, आप्पासाहेब! हे मी कुठे पाहिलं नाही.” आणि त्यांनी सगळ्या पंगतीला वाकून नमस्कार केला. मग, मोठ्या माणसाच्या लहरीप्रमाणे, भाताचं भांडं माझ्या हातून घेऊन ते वाढू लागले. आप्पासाहेबांनाही काहीतरी घ्यावं लागलं. त्यांच्या वाट्याला लोणचं आलं.

परंपरा जन्माला येताना मी हजर होतो, ती अशी.

पुढे एका मंडळाने या परंपरेबद्दल आप्पासाहेबांचा सत्कार केला. दुसऱ्याने भाषणाला बोलावलं. आणि परंपरेला जिवंत जनक असणं गैरसोयीचं असतं. सिंहासनांची मखमल झिजते म्हणून त्यांना कुलूप लागलं. बाईंनी बैठक प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चालू ठेवली. मग मुदत संपली. ‘संस्थेला आधुनिक व्यवस्थापन हवं आहे’ असं कारण देण्यात आलं.

“हे ठरवताना कोणाला विचारलंत?”

“विश्वस्तांना,” आप्पासाहेब म्हणाले.

“म्हणजे स्वतःलाच,” बाई म्हणाल्या.

विश्वस्तांनी निरोप समारंभ ठरवला. शाल, नारळ. आमच्या दारात वधूवरांच्या नावांचा फलक असतो, सुटी अक्षरं खोचायचा. मी त्यावर ‘श्रीमती तांबे यांचा निरोप समारंभ’ असं लावत होतो. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “ग्रंथपाल, मी जात नाहीये. हे काढतायत. तसं लावा.”

“बाई, लोक वाचतील.”

“म्हणून तर.”

मी लावलं: ‘तांबेबाईंना काढल्याबद्दल बैठक.’ आप्पासाहेब आले नाहीत, सचिवांना पाठवलं. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बोलू लागले, इंदूबाईंनी मध्येच विचारलं, “साहेब, बाईंची चूक काय, तेवढं सांगा.” सचिवांनी कागदात बघितलं, मग शालीकडे बघितलं, आणि खुर्ची रिकामी केली. बाईंनी शाल घेतली नाही. नारळ घेतला आणि भाऊंना दिला. “रविवारच्या आमटीला होईल.” फलक रविवारच्या वधूवरांनी जागा मागेपर्यंत तसाच राहिला. मला वेळ झाला नाही.

नवा मॅनेजर हॉटेल व्यवस्थापन शिकून आला होता. पहिल्या रविवारी त्याने पंगत बंद केल्याचं जाहीर केलं. साडेदहाला सगळे बसले. त्याने विचारलं, “कोणी परवानगी दिली?” भाऊ म्हणाले, “संस्थापकांनी. बस, नाहीतर वाढ.” तो वाढतो. बरा वाढतो.

पाटी गेल्या वर्षी बसली. अनावरणाला बाईंना विश्वस्तांनी नाही, मनीषाने बोलावलं. आता वाढप्यांचं सगळं ती बघते. बाई आल्या, सुती साडीत, पिनांच्या माळेसकट. नव्या टॉवरमध्ये घर मिळालंय म्हणाल्या. “बाविसावा मजला. लिफ्टची वेळ ठरवताना कोणाला विचारलं नाही, आता सोसायटीत बैठका घेते.” त्या मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. पडदा सरकला. बाईंनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, आपलं नाव नाही हे बघितलं असणार, आणि म्हणाल्या, “अक्षर चांगलं आहे.”

भाषणं सुरू झाली. आप्पासाहेब राबणाऱ्या हातांवर बोलत होते, आणि राबणारे हात ट्रे धरून भिंतीला उभे होते. साडेदहा झाले. अकरा झाले. आप्पासाहेब संस्थापकांच्या बालपणात होते. तांबेबाईंनी घड्याळ बघितलं, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, “धरा, ग्रंथपाल,” म्हणाल्या, आणि पदर खोचून जेवणघराकडे चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग ट्रे खाली ठेवल्याचे आवाज आले, एकामागून एक. भिंत रिकामी झाली. उघड्या दारातून मला त्या शेवटच्या दिसल्या त्या पाठमोऱ्या, हातात बादली, भाऊंच्या पानावर वाकलेल्या.

आप्पासाहेबांचं भाषण अप्रतिम झालं. वरण मात्र त्यांना गार मिळालं.